उमेदीचे ग्राउंड

परीक्षा जवळ आल्या की आपल्या शाळांमध्ये 'सकारात्मक विचार' या विषयावर व्याख्याने होतात. वक्ता मुलांना डोळे मिटायला लावतो, यशाचे चित्र मनात रंगवायला सांगतो; टाळ्या होतात आणि मुले वर्गात परततात. हेतू चांगलाच असतो. पण उमेद अशी बाहेरून देता येते, हे गृहीतक कुणी तपासत नाही. दुसरीकडे परभणी, जिंतूर, गंगाखेड, सेलूच्या मैदानांवर आणि गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यांवर भरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटेच राउंड मारत असतात. उमेद कशी घडते हे समजून घ्यायचे असेल तर सभागृहापेक्षा या ग्राउंडकडे पाहावे, असे आमचे मत आहे.

पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची असते. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय दोघांनाही 100 मीटर धावणे आणि गोळाफेक. निम्मे गुण मिळाल्याशिवाय लेखीपर्यंत पोहोचता येत नाही. इथे स्वतःची समजूत घालून भागत नाही. 1600 मीटरला सात मिनिटे लागली तर ती सातच असतात. मात्र काही आठवड्यांनी तेच अंतर साडेसहा मिनिटांत कापले, तर ती सुधारणाही तितकीच खरी आणि स्वकष्टाची असते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडले की, 'मला जमेल' या विश्वासाचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे प्रत्यक्ष करून पाहिलेले काम. इतरांनी दिलेले प्रोत्साहन त्यापुढे कमकुवत ठरते. गॅब्रिएले ओटिंगेन आणि थॉमस वॅडन यांनी 1991 मध्ये वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याला हे साधेल अशी अपेक्षा बाळगणाऱ्यांचे वजन अधिक घटले; सडपातळ झाल्याची गोड स्वप्ने रंगवणाऱ्यांचे कमी. म्हणजे अपेक्षा आणि स्वप्नरंजन यांचे परिणाम उलट दिशेचे असू शकतात. व्याख्यानातून बहुधा स्वप्नरंजनच हाती येते.

स्वतःच्या वेळेत झालेली सुधारणा किती खरी असते, याचे उदाहरण परभणीतच आहे. 2017 च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये इथल्या धावपटू ज्योती गवते भारतीय महिलांत पहिल्या आल्या. नंतर 2018, 2019 आणि 2020 मध्ये त्या दुसऱ्या आल्या; तिन्ही वेळा सुधा सिंग पुढे होत्या. केवळ क्रमांक पाहणारा याला घसरण म्हणेल. घड्याळ वेगळे सांगते: 2019 ची त्यांची दुसऱ्या क्रमांकाची धाव 2017 च्या विजयी धावेपेक्षा सुमारे पाच मिनिटांनी वेगवान होती. पुढे कोण धावणार हे आपल्या हाती नसते, आपली वेळ बऱ्याच अंशी असते. टक्क्यांच्या शर्यतीत अडकलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना हा फरक कळणे, हाच आम्हाला अभिप्रेत असलेला सकारात्मक विचार.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. जागा मोजक्या आणि अर्जांचा पाऊस; मैदानी चाचणी पार करूनही लेखीत एका गुणाने राहिलेल्या मुलाला 'आशावादी राहा' म्हणणे ही थट्टाच नाही का? आहे. घामाने जागा वाढत नाहीत, सोयाबीनला भाव मिळत नाही. त्याचा जाब सरकारलाच विचारायला हवा, आणि उमेदीच्या नावाखाली तो प्रश्न दडपणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. पण आपल्या हातात काय आहे आणि काय नाही हे ओळखणारा तरुण अपयशाचा सगळा दोष स्वतःवर घेत नाही. म्हणून जाबही तोच नीट विचारू शकतो. दुसरा आक्षेप असा की कठोर सराव सहज छळात बदलतो. शिव्या, शिक्षा म्हणून उठाबशा, पारा 43-44 अंशांवर असताना भर उन्हात पळवणे, यातून भीतीच पोसली जाते. सरावाचे शास्त्र सांगते की भार हळूहळू वाढवावा आणि विश्रांती द्यावी, कारण शरीर सावरते ते विश्रांतीतच. छातीत दुखले, चक्कर आली, तर थांबणे हाही शिकवण्याचाच भाग आहे. आणि ज्या मुलींना अंधारात रस्त्यावर पळता येत नाही, त्यांच्यासाठी दिवे आणि सुरक्षित मैदान ही पहिली गरज आहे; मनोबलाच्या गप्पा नंतर.

म्हणून आमची सूचना साधी आहे. खेळाचा तास गणित-इंग्रजीला देऊन टाकू नये. नववीच्या प्रत्येक मुलामुलीची धावण्याची वेळ वर्षाच्या सुरुवातीला वहीत नोंदवावी, दर महिन्याला पुन्हा मोजावी आणि तुलना फक्त स्वतःच्या मागच्या वेळेशी करावी. ज्याला धावता येत नाही त्याने दोरीवरच्या उड्या मोजाव्यात, चालणे मोजावे. याला खर्च घड्याळाचा आणि शिक्षकाच्या लक्षाचा. पुढच्या वर्षीचे व्याख्यान ठरवण्यापूर्वी शाळांनी एवढे करून पाहावे.