शब्दाची जागा ओळखा!



घाटकोपर-मुलुंडपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुलेमुली आज सरकारी नोकरीच्या स्पर्धापरीक्षांची तयारी करीत आहेत. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवीस्तर परीक्षेत पहिल्याच टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न व ५० गुण असतात. चुकलेल्या प्रत्येक उत्तरामागे अर्धा गुण कापला जातो. वाक्यातील चूक हुडकण्याच्या प्रश्नांत मराठी माध्यमाचा विद्यार्थी विशेषकापाशी हमखास अडखळतो. विशेषक म्हणजे दुसऱ्या शब्दाचा अर्थ निश्चित करणारा शब्द वा शब्दसमूह.

हे अडखळणे बुद्धीचे दौर्बल्य नव्हे. 'अंधेरीला उतरताना पाऊस सुरू झाला,' असे आपण म्हणतो. मराठीत ते निर्दोष आहे. उतरणारा निराळा असला तरी चालते. परंतु इंग्रजीत 'गेटिंग डाउन ॲट अंधेरी, द रेन बिगॅन' असे लिहिले, तर गाडीतून पाऊसच उतरला असा अर्थ होतो! तेथे आरंभीचा विशेषक मुख्य वाक्याच्या कर्त्याला चिकटतो. ही चूक ओळखण्याची किल्ली मात्र आपल्याच भाषेत आहे. 'उतरताना'च्या जागी 'उतरून' घालून पाहा : 'अंधेरीला उतरून पाऊस सुरू झाला.' कानाला खटकले ना? मग ते इंग्रजी वाक्यही बहुधा सदोषच समजावे, आणि उतरणाऱ्याला त्याचा स्वतंत्र कर्ता द्यावा : 'ॲज आय गॉट डाउन.'

हा प्रश्न केवळ दोन गुणांचा आहे काय? मुळीच नाही. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झालेल्या राज्यघटनेचे १५ वे कलम पाहा. केवळ धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून राज्य कोणाही नागरिकाशी भेदभाव करणार नाही, असे ते बजावते. इंग्रजी पाठात 'ओन्ली' हा शब्द 'ग्राउंड्स'च्या लगेच पुढे आहे. तोच उचलून 'शॅल नॉट'च्या पुढे ठेवा. 'राज्य नुसता भेदभाव करून थांबणार नाही,' असा विपरीत अर्थ निघेल! एक शब्द हलला की हक्काचे संरक्षणच कोसळते.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, आपल्या मुलांना इंग्रजी व्याकरण मराठीच्या आधारेच शिकवावे. क्लासची फी भरण्यापूर्वी, तेथे नियम घोकून घेतात की समजावून देतात, याची पालकांनी चौकशी करावी. आठवड्यातून एक संध्याकाळ विहारात मुलांना एकत्र बसवा, घटनेची इंग्रजी व मराठी प्रत समोर ठेवा, आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारावयास लावा : हा शब्द कोणाविषयी बोलतो आहे? ही सवय परीक्षेत उपयोगी पडेलच. पुढे सरकारी कागदावर सही करतानाही ती मुलांना सावध ठेवील.