शिक्क्यांची संहिता आणि तिचा वाचक

पारपत्रावरील शिक्के जमवण्याच्या छंदाला आपण पोस्टाच्या तिकिटांच्या पंक्तीला बसवून मोकळे होतो. आमच्या मते ही पंगत चुकली आहे. तिकीट विकत घेता येते, त्याची अदलाबदल करता येते. शिक्क्यासाठी सीमेवर स्वतः उभे राहावे लागते आणि तो उठवणारा हात दुसऱ्याचा असतो. शिक्का म्हणजे शासनाने प्रवाशाविषयी लिहिलेले वाक्य होय.

या वाक्याला व्याकरणही आहे. युरोपातील शेंगेन देशांचा प्रवेशाचा शिक्का काटकोनी चौकटीचा, तर निर्गमनाचा गोलसर कोपऱ्यांचा. ताऱ्यांच्या वर्तुळात देशाचे अक्षर, आत शिरणारा किंवा बाहेर पडणारा बाण, विमान, जहाज, मोटार वा आगगाडीचे चिन्ह, तारीख आणि ठिकाण, एवढ्या ऐवजात एक संपूर्ण विधान मावते. सौदी अरेबियाच्या जुन्या शिक्क्यांवरील हिजरी तारखा उलगडताना तर कालगणना हीदेखील सार्वभौमत्वाची खूण असते, हे ध्यानी येते. पुसट अक्षरे लावत बसणारा संग्राहक हस्तलिखितांच्या अभ्यासकाचेच काम करत असतो.

मात्र तो या संहितेला बहुधा आत्मचरित्र समजतो, आणि येथेच आमचा मतभेद आहे. वाल्टर बेन्यामिनने १९३१ साली आपल्या ग्रंथसंग्रहाच्या निमित्ताने संग्राहकवृत्तीची मीमांसा केली. सप्टेंबर १९४० मध्ये नाझींपासून पळताना त्याच्याजवळ अमेरिकेचा व्हिसा होता, स्पेनमधून पुढे जाण्याची परवानगीही होती. फ्रान्स सोडण्याची परवानगी तेवढी नव्हती. पोर्टबू या सीमेवरील स्पॅनिश गावी त्याला अडवण्यात आले आणि तेथेच त्याचा अंत झाला. ती आत्महत्या होती, असे बहुतेक चरित्रकार मानतात. कागदावर जे उमटले नाही, तेही वाचावे लागते ते असे.

आपल्याकडचे उदाहरण अधिक परिचयाचे आहे. दहावी न झालेल्या कामगाराच्या पारपत्रावर सामान्यतः 'ईसीआर' हा शेरा येतो. आखाती देशांत नोकरीसाठी जाताना अशांना १९८३ च्या कायद्यानुसार वेगळी परवानगी घ्यावी लागत आली आहे. रत्नागिरीहून आखातात जाणाऱ्या एखाद्या कामगाराचे शिक्षण असे त्याच्याआधी खिडकीपाशी पोहोचते. पर्यटकाला जी पाने अलंकार वाटतात, तीच त्याच्या दृष्टीने साक्षीपुराव्याची असतात.

आता ही संहिताच मिटत चालली आहे. हाँगकाँगने २०१३ पासून शिक्क्याऐवजी चिठ्ठी दिली, सिंगापूरने २०२२ मध्ये परदेशी प्रवाशांचे प्रवेशाचे शिक्के थांबवले. शेंगेन देशांनी १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने अल्पकालीन परदेशी प्रवाशांसाठी चेहऱ्याचे छायाचित्र आणि बोटांचे ठसे यांवर आधारलेली संगणकीय नोंद सुरू केली. शिक्के पुसट होतात, खोटेही करता येतात. संगणक अधिक अचूक आहे, हा युक्तिवाद आम्हांस मान्य आहे. परंतु शिक्क्याचा एक गुण त्यात हिशेबाबाहेर राहतो. शासनाच्या नोंदीची एक प्रत प्रवाशाच्या खिशात असे. १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा पाळली की नाही, हे तो अधिकाऱ्यासमोर पानावर बोट ठेवून दाखवू शके. नव्या व्यवस्थेतही आपली नोंद मागण्याचा अधिकार कायद्याने आहे. तथापि अर्ज करून मागणे आणि ती मुळातच हाती असणे, यांत नागरिक आणि याचक यांच्याइतके अंतर आहे.

म्हणून संग्राहकाच्या छंदाकडे आम्ही आता आदराने पाहतो. रद्द होऊन परत मिळालेली घरातील जुनी पारपत्रे रद्दीत जाऊ देऊ नयेत. साहित्याच्या वर्गात प्रवासवर्णनाशेजारी असे एखादे पारपत्र ठेवून वाचावे. एकात प्रवासी लिहितो, दुसऱ्यात त्याच्याविषयी लिहिले जाते. हे दुसरे लेखन वाचण्याची सवय सुटणे कोणत्याही वाचकाला परवडणारे नाही.