काडी चघळणारा मेरेडिथ आणि चार पौंड

बिली मेरेडिथचं नाव काढलं की फुटबॉलचे जाणकार पहिल्यांदा काडीच सांगतात. दात कोरायची काडी तोंडात, उजव्या कडेनं पळायचा आणि समोरच्या बॅकला नाचवायचा. व्यंगचित्रातही काडी. ठीकाय, काडी होती. पण दोस्तहो, माणसाच्या तोंडातली काडी दाखवायची आणि ते तोंड काय बोलत होतं ते झाकायचं, ही खुर्चीवाल्यांची जुनी कला आहे.

गडी वेल्सचा. १८७४ साली चर्क गावाजवळ, कोळशाच्या पट्ट्यात जन्मला. बाराव्या वर्षी ब्लॅक पार्क खाणीत कामाला लागला. काम काय, तर जमिनीखाली कोळशाच्या डब्यांना जुंपलेली तट्टं हाकायची. गावच्या शाळामास्तरानं पोरांना फुटबॉलचं वेड लावलं होतं, तेवढाच उजेड. १८९४ साली मँचेस्टर सिटीनं त्याला घेतलं, तरी सुरुवातीला त्यानं खाण सोडली नाही. आठवडाभर कोळसा, शनिवारी मॅच. १८९५ च्या जानेवारीत तो पगारी खेळाडू झाला.

इथं लेख लिहिणारे हळवे होतात. खाणीतलं पोर, पायात देणगी, नशीब उघडलं. मला हे नशीबबिशीब मान्य नाही. पोरगं एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडं गेलं, एवढंच. खाणमजूर एक खाण सोडून दुसरी तरी धरायचा. लीगच्या खेळाडूला तेही नव्हतं. करार संपला तरी क्लबनं सोडल्याशिवाय दुसऱ्या लीग क्लबात जाता येत नसे. त्यात १९०१ साली नियम आला : कुणालाही आठवड्याला चार पौंडांच्या वर द्यायचं नाही. १९०४ ची कप फायनल बघा. ६१ हजारांवर माणूस पैसे मोजून आत आला. सिटीनं बोल्टनला एका गोलानं हरवलं. गोल मेरेडिथचा, कॅप्टनही तोच. नियमानं किंमत चार पौंड.

कोणी म्हणेल, चार पौंड खाणीतल्या पगारापेक्षा बरेच जास्त होते, मग रड कसली? अरे, सवाल जास्त-कमीचा नाहीच. गेटवरचे पैसे मोजणारा तू, माझ्या पायाची किंमत ठरवणाराही तूच, आणि मी जायचं कुठं?

मेरेडिथ काही संत नव्हता, आणि आपल्याला संत नकोयत. १९०५ साली ॲस्टन व्हिलाच्या कॅप्टनला मॅच हरण्यासाठी दहा पौंड देऊ केल्याचा आरोप त्याच्यावर आला. फुटबॉल असोसिएशननं त्याला बंदी घातली. लाच ती लाच, मी तिला पांघरूण घालणार नाही. पण पुढं काय झालं ते मजेशीर आहे. क्लबनं हात झटकले. मग यानं तोंड उघडलं : सिटी चार पौंडांची मर्यादा मोडून खेळाडूंना चोरून पैसे देतेय! १९०६ साली चौकशी झाली. सतरा खेळाडूंवर बंदी आणि सिटीसाठी पुन्हा खेळायला कायमची मनाई. मॅनेजरही गेला. मेरेडिथला मँचेस्टर युनायटेडनं उचललं. सगळे क्लब तेच करत होते म्हणतात. सापडला तो चोर.

आता खरी गोष्ट. १९०७ साली युनायटेडचा टॉमी ब्लॅकस्टॉक दुय्यम संघाच्या मॅचमध्ये चेंडूला डोकं लावल्यावर कोसळला आणि मेला. घरच्यांच्या हाती काही पडलं नाही. मी गोदीत माल चढवतो-उतरवतो. आमच्यातला कोणी क्रेनखाली आला की पहिला सवाल येतो, हजेरीपुस्तकात नाव होतं का? नंतर ॲम्ब्युलन्स. म्हणून ब्लॅकस्टॉकचं मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. त्याच वर्षी २ डिसेंबरला मँचेस्टरच्या इम्पीरियल हॉटेलात खेळाडू जमले आणि युनियन उभी राहिली. सभेच्या खुर्चीवर मेरेडिथ. बरोबर त्याचा सहकारी चार्ली रॉबर्ट्स.

१९०९ साली युनियन इतर कामगारांच्या महासंघाला जोडली गेली तेव्हा असोसिएशन बिथरली. खेळाडू म्हणून मागितलंत तर ऐकू, कामगार म्हणून आलात तर हाकलू! युनियन सोडा, नाहीतर खेळ बंद. बहुतेकांनी माना टाकल्या. युनायटेडची पोरं हटली नाहीत. पगार बंद झाला तरी सराव चालू ठेवला आणि पाटी धरून फोटो काढला : 'आउटकास्ट्स फुटबॉल क्लब'. बहिष्कृत! हा शब्द आपल्याला डिक्शनरीत बघावा लागत नाही. फरक एवढाच, ती पाटी त्यांनी स्वतः हातात धरली आणि सीझन सुरू झाल्यावर खाली ठेवली. आपली आईच्या पोटातूनच गळ्यात येते. तरी मला तो फोटो आवडतो. पगारावर पाणी सोडून पाटी धरणारे किती निघतात?

असोसिएशननं युनियन मान्य केली. मग थोड्याच महिन्यांत खेळाडूंनीच मत देऊन महासंघाशी नातं तोडलं. मेरेडिथ चिडला. बरेच खेळाडू शाळकरी पोरांसारखे सांगितलं तेवढं करण्यात खूश आहेत, असं त्यानं लिहून टाकलं. हे वाचताना मला आमच्या गेटवरच्या सभा आठवल्या. भाषणाला शंभर, वर्गणीला सात.

खेळला मात्र दणकून. वेल्ससाठी ४८ मॅच. १९२० साली इंग्लंडला इंग्लंडमध्ये हरवलं तेव्हा वय ४५. शेवटची मॅच १९२४, कपची सेमीफायनल, पुन्हा सिटीकडून, वय ४९. खाणीत पोसलेलं शरीर!

१९५८ च्या एप्रिलमध्ये तो मँचेस्टरला गेला. पगाराची मर्यादा तेव्हाही होतीच, आकडा तेवढा वाढलेला. ती उठली १९६१ साली. संपाची नोटीस देऊन उठवली ती त्याच युनियननं, जी आजही चालू आहे. मेरेडिथच्या कबरीवर मात्र २००१ पर्यंत नावाचा दगड नव्हता. मग युनियननं आणि वेल्सच्या असोसिएशननं खर्च उचलला. सोबत सिटी आणि युनायटेड, दोन्ही मालकांनीही वाटा दिला.