मिरी म्हणावं की मिरची?

मैत्रिणींनो, परदेशी असलेल्या लेकीला-सुनेला आपण फोनवरून पाककृती सांगतो. सांगताना एखादा शब्द कसा दगा देतो, ते आज ऐका.

माझी भाची शिक्षणासाठी इटलीत, मिलानला राहते. घरमालकीणबाई सत्तरीच्या, एकट्याच. पोरीवर माया फार. पण तिखट त्यांना बाधतं. डॉक्टरांनी मिरची बंदच केलेली. मध्ये त्या तापाने पडल्या, तेव्हा भाचीने मला विचारून मुगाचं कढण केलं, वर चिमूटभर मिरपूड. बाईंनी विचारलं, "यात काय घातलंस?" पोरीने मनात इंग्रजी 'पेपर' धरला आणि सांगितलं, "पेपेरोंचीनो." झालं! बाईंनी वाटी बाजूला सारली. ठाऊक असूनही हिने मिरची घातली, म्हणून दोन दिवस अबोला.

पोरीचा रडत फोन आला. मी म्हटलं, "अगं, तोंडाने सांगू नकोस. डबी नेऊन दाखव." डबीतले काळे दाणे पाहून बाई हसल्याच. "पेपे!" त्या रात्री पुन्हा कढण झालं, आणि वाटी चाटूनपुसून रिकामी झाली बरं का!

घोटाळा इंग्रजीचा. तिथे मिरी, ढोबळी मिरची आणि तिखट मिरची, तिन्हींना 'पेपर'च. याचं मूळ जुनं आहे. १४९२ साली कोलंबस मसाल्यांचा देश शोधायला निघाला आणि पोचला अमेरिकेकडच्या बेटांवर. तिथली मिरची जिभेला झोंबली, तेव्हा युरोपात तिला मिरीचंच नाव चिकटलं. आपल्याकडे मिरची पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणली. आपणही तिचं नाव मिऱ्यावरूनच ठेवलं, पण निदान शब्द वेगळा केला!

इटालियन बायकाही आपल्यासारख्याच काटेकोर. हे एवढं वहीत टिपून ठेवा:

काळी मिरी म्हणजे पेपे.
ढोबळी मिरची म्हणजे पेपेरोने. अनेक असल्या की पेपेरोनी.
तिखट मिरची म्हणजे पेपेरोंचीनो.

शाकाहारी मैत्रिणींनी आणखी एक ध्यानात ठेवावं. अमेरिकेत पिझ्झ्यावरचं 'पेपरोनी' म्हणजे डुकराच्या आणि गाईच्या मांसाचं सॉसेज. इटलीत 'पेपेरोनी' मागितलं तर ढोबळी मिरचीच येईल. तिथे तिखट मांसाच्या चकत्यांना 'सालामे पिक्कांते' म्हणतात, तेव्हा यादीत ते शब्द दिसले की पुढे सरका.

सांगायचं काय, तर शब्दाला शब्द जोडायच्या आधी वस्तू डोळ्यांपुढे आणा. इटालियनमध्ये बोलायचं तर इंग्रजीच्या दारावरून वळसा कशाला? आपल्या मराठीतून सरळ जा. मिरी आणि मिरची तिथेही वेगळ्याच डब्यांत ठेवतात. आणि एवढं करून अडलंच, तर मिसळणाचा डबा उघडून दाखवायला लाज कसली?