पडण्याचे भय आणि ‘पिकले पान’

‘पिकले पान गळायचेच’ एवढे म्हणून मराठी समाज वृद्धांच्या पडण्याची वासलात लावीत आला आहे. पान गळते ते निसर्गनियमाने. माणूस पडतो तो पायरीवर शेवाळ असते म्हणून, वाटेत दिवा नसतो म्हणून, मोतीबिंदू काढायचा राहून गेलेला असतो म्हणून, अथवा रक्तदाबाच्या वा झोपेच्या गोळीने उठताना भोवळ येते म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मृत्यू पावतात. त्यांत साठीपुढील माणसे सर्वांत अधिक, आणि हे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील. लोकसंख्येतील वृद्धांचे प्रमाण श्रीमंत देशांत जास्त असतानाही हिशेब असा निघतो. हा निसर्गनियम असेल, तर तो माणसाची ऐपत पाहून चालतो असे म्हणावे लागेल!

परंतु मृत्यूंची ही संख्या म्हणजे प्रश्नाचा दृश्य भाग. अदृश्य भाग भयाचा आहे. एकदा पडलेली, किंवा शेजारीण पडलेली पाहिलेली म्हातारी प्रथम शेताच्या बांधावर जाणे सोडते, मग देवळातले भजन सोडते. रात्री अंधारात परसाकडे जावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी पिणेही कमी करते. घरचे लोक मायेनेच म्हणतात, ‘आजी, आता बसून राहा.’ बसून राहिल्याने मांड्यांचे बळ जाते, तोल जातो, आणि ज्या पडण्याच्या भीतीने ती बसली ते पडणे अधिकच जवळ येते. ज्यास काळजी म्हटले जाते ती पुष्कळदा प्रेमाने दिलेली नजरकैद असते. अमेरिकेतील वैद्य मेरी टिनेटी यांनी १९९० साली या भयाचे मोजमाप मांडले. त्यात ‘भीती वाटते का?’ असा प्रश्न नाही. न पडता अंघोळ करता येईल, अंथरुणातून उठता येईल, स्वयंपाक करता येईल याची कितपत खात्री वाटते, असे विचारलेले आहे. म्हणजे भयाचा विचार मनाच्या दुबळेपणापासून काढून न्हाणी, अंथरूण आणि चूल यांच्यापाशी आणून ठेवला. हे शहाणपण समाजवाद्यांना तरी नवे वाटू नये.

हीच प्रश्नावली घेऊन कोणी मुळशी तालुक्यात गेला, तर त्याला तीत भर घालावी लागेल. ताम्हिणीच्या बाजूस वर्षाला कित्येक हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. चार महिने भातखाचरांचे बांध, अंगणातले दगड आणि उतरणीच्या पायवाटा साबणासारख्या होतात. साठी उलटलेल्या बायका त्याच चिखलात वाकून भाताची लावणी करतात. या निसरड्या उतरणींना इतिहासही आहे. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तो मोडला गेला. नदीकाठची सपाट भातशेती पाण्याखाली गेली आणि धरणकाठी तग धरून राहिलेल्यांना वर डोंगराच्या अंगाला सरकावे लागले. मुळेचे पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला सोडून काढलेल्या विजेने मुंबई उजळली. त्या सत्याग्रहींच्या नातसुना आज स्वतः आज्या झाल्या आहेत. उतरणीवरच्या वाडीत त्यांनी अंधारी पायवाट बॅटरीच्या उजेडात चाचपावी, यास वार्धक्याचा भोग म्हणावयाचे की शंभर वर्षांपूर्वीच्या विकासाची थकबाकी?

याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, बावधन-भूगावच्या बाजूस, ज्येष्ठांसाठी खास गृहसंकुले उभी राहिली आहेत. तेथे न घसरणारी फरशी असते, न्हाणीघरात धरावयास कठडे असतात, हाक मारण्यास घंटा असते. त्यात राहणाऱ्यांविषयी असूया बाळगण्याचे कारण नाही. त्यांचीही हाडे ठिसूळच आहेत. परंतु त्या जाहिरातींनी एक गोष्ट सिद्ध केली आहे: न पडता म्हातारे होण्याची विद्या उपलब्ध आहे, आणि ती विक्रीस ठेवलेली आहे. वीस-पंचवीस किलोमीटरवर तीच विद्या अप्राप्य ठरते, कारण तेथील म्हातारीजवळ मागणी आहे, क्रयशक्ती नाही. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गातील हा धडा होय.

शासन काय करते? साठ ते एकोणऐंशी वयाच्या दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठी केंद्राचा निवृत्तिवेतनातील वाटा २००६ साली २०० रुपये झाला, आणि तो तेथेच गोठला. महाराष्ट्राच्या श्रावणबाळ योजनेने २०२३ पासून महिना १,५०० रुपये दिले. पण ज्या उत्पन्नमर्यादेवर ही योजना वर्षानुवर्षे चालली ती कुटुंबास वर्षाला २१,००० रुपयांची, म्हणजे सबंध घराला महिना १,७५० रुपये. एवढ्यात जगणारे घर कागदावरच सापडते. २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून काठी, चष्मा यांसाठी एकरकमी ३,००० रुपये जाहीर झाले. काठी हवीच. परंतु काठी टेकायला वाट कोणी द्यायची? त्याच वर्षी सत्तरीपुढील सर्वांना ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचे विमाकवचही मिळाले. ते मात्र रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. खुब्याचे हाड मोडेपर्यंत तिजोरी बंद आणि मोडल्यावर उघडी, असा हा हिशेब आहे. एका लोखंडी नळीचा कठडा आणि एक शस्त्रक्रिया यांच्या खर्चाची तुलना करण्यास अर्थतज्ज्ञ लागत नाही. शिवाय म्हातारी अंथरुणाला खिळली की सुनेची मजुरी बुडते. ती तर कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

पक्षातील काही साथी म्हणतील की, जमीन, मजुरी, भाव हे प्रश्न सोडून कठडे आणि चपला यांचे राजकारण कशाला? हा आक्षेप ऐकायला क्रांतिकारक वाटतो, पण तो मुख्यतः धडधाकट पुरुषांचा आहे. ज्या बाईने चाळीस वर्षे दुसऱ्याच्या खाचरात वाकून काम केले, तिच्या झिजलेल्या गुडघ्यात मजुरीचाच प्रश्न साठलेला असतो. अरुणा रॉय आणि बाबा आढाव यांनी पेन्शन परिषदेतून वृद्धांसाठी किमान वेतनाच्या निम्म्या निवृत्तिवेतनाची मागणी केली, ती दानधर्म म्हणून नव्हे, श्रमाचे देणे म्हणून.

भय मात्र नुसत्या मागण्यांनी जात नाही. ‘घाबरू नका’ या उपदेशाने तर मुळीच जात नाही. तोल सावरण्याचा आणि खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा नियमित व्यायाम केल्यास पडण्याचे प्रमाण जवळजवळ एक चतुर्थांशाने घटते, असे २०१९ सालच्या कॉक्रेन आढाव्यात दिसले आहे. यास यंत्रे लागत नाहीत. भिंत, एक भक्कम खुर्ची आणि जोडीला कोणी असले की पुरते. पडल्यावर कुशीवर वळून, गुडघ्यावर येऊन, खाटेच्या आधाराने कसे उठावे हेही शिकवता येते, आणि ज्याला उठता येते त्याची पडण्याची धास्ती पुष्कळच ओसरते. काठीची उंची मनगटापाशी येते की नाही, चपलेचा तळ गुळगुळीत झाला आहे काय, कोणत्या गोळीनंतर चक्कर येते, हे पाहण्यास आशा कार्यकर्तीला प्रशिक्षण आणि त्या कामाचा मोबदला, दोन्ही मिळाले पाहिजेत. फुकट सेवेची अपेक्षा पुन्हा बाईकडूनच करणे हा या कार्यक्रमाचा पराभव ठरेल. देवळाच्या ओट्यावर सकाळी अर्धा तास दहा म्हाताऱ्या माणसांना एकत्र आणणे हे शाखेचे काम होऊ शकते. तेथे व्यायामाइतकीच एकमेकांची सोबत उपयोगी पडते.

मुळशीतील कार्यकर्त्यांनी यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहू नये. प्रत्येक वाडीत वृद्धांसोबत घरापासून पाणवठा, शौचालय आणि एसटीच्या थांब्यापर्यंत चालावे. कोठे कठडा हवा, कोठे दिवा, कोठे पायरीची उंची कमी करावयास हवी याची यादी त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावी आणि ती १ मेच्या ग्रामसभेत ठराव म्हणून मांडावी. ठराव एप्रिलमध्येच तयार हवा. मे संपता संपता वळवाच्या सरी येतात, आणि मग चार महिने त्या वाटांवर सिमेंट धरत नाही.