सळई हवीच

‘उपग्रह असताना दलदलीत सळया खुपसत कशाला फिरायचे?’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सवाल मला मान्य नाही. उपग्रहाला वरचे शेवाळ दिसते, ओल कळते; पण खालचा पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर वीतभर आहे की दोन पुरुष खोल, हे त्याच्या छायाचित्रावरून थेट कळत नाही. आणि निर्णय तर या खोलीवरच होतात.

उत्तर स्कॉटलंडच्या ‘फ्लो कंट्री’त १९८०च्या दशकात करसवलतीपोटी पीटमध्ये चर खणून उत्तर अमेरिकेतील सूचिपर्णी झाडे लावली गेली. पाणी ओसरले, पीट वाळले, त्यात साठलेला कार्बन हवेत जाऊ लागला. १९८८मध्ये सवलत बंद झाली. आता तीच झाडे तोडून चर बुजवावे लागत आहेत. आज तेथे ५० सेंटिमीटरपेक्षा खोल पीटवर नवी वृक्षलागवड करू देत नाहीत, आणि ही खोली ठरावीक अंतरावर सळई खुपसूनच मोजतात.

पीट वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. गमावलेला मीटरभर थर परत यायला हजार वर्षे लागतील. मग सर्वेक्षणाचे चार दिवस वाचवण्यात कसली काटकसर? उपग्रह जरूर वापरावा. पण सळईच्या नोंदींशी ताडून न पाहिलेल्या नकाशावरून जमिनीचा निर्णय घेऊ नये.

– एक वाचक, सातारा