पंधरा दिवसांचा परदेश आणि बाबासाहेबांचे नाव

मॅनेजमेंट कॉलेजांच्या माहितीपत्रकात हल्ली एक पान ठरलेले असते: 'इंटरनॅशनल बिझनेस'चा दोन आठवड्यांचा परदेश अभ्यासक्रम. दुबई किंवा सिंगापूर, चार व्याख्याने, एखाद्या बंदराला भेट, शेवटी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. खर्च विद्यार्थ्याचा. ज्याच्या घरी पैसा आहे त्याने खुशाल जावे. पण आता आपल्याच वस्तीतल्या पोरांना ऐकवले जाते की बाबासाहेबही परदेशात शिकले, मग तुम्ही कर्ज काढायला का कचरता? इथे आम्हाला बोलावेच लागते.

बाबासाहेब 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर, तीन वर्षांसाठी. 1915 मध्ये एम.ए.साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. साता समुद्रापलीकडून येऊन देश गिळणाऱ्या व्यापारी कंपनीचे हिशेब एका अस्पृश्य विद्यार्थ्याने तपासले. पुढे 1923 मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रुपया घसरला की निर्यातदार खूश होतो. बाबासाहेबांनी विचारले, हा नफा येतो कुठून? भाव आधी चढतात, मजुरी मागून रखडत येते. म्हणजे निर्यातदाराची कमाई मजुराच्या ताटातून उचललेली असते. आंतरराष्ट्रीय व्यापार शिकणे म्हणजे हा सवाल विचारायला शिकणे.

तो सवाल आजही आपल्या दारात आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशीच चप्पल मिरवली, तेव्हा कोल्हापूरचे नाव कुठेच नव्हते. ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. पिढ्यान् पिढ्या कातडे कमावले आणि शिवले कुणी? ज्यांना त्याच कामासाठी गावाबाहेर ठेवले, त्यांनीच. मानांकन असूनही किंमत दुसऱ्याच्या खिशात का जाते, हे ज्या अभ्यासक्रमात शिकवत नाहीत, त्याला आम्ही सहल म्हणतो.

यावर उत्तर येते की अनुभव मिळतो, धीर येतो, मुलाखतीत वजन पडते. बरोबर आहे, आणि आमचा मुख्य आक्षेप नेमका तिथेच आहे. आज बापाच्या पैशाने विकत घेतलेली सहल उद्या मुलाखतीत 'मेरिट' म्हणून मोजली जाणार. मग शिष्यवृत्तीवर शिकलेली पोर 'एक्स्पोजर' नाही म्हणून मागे पडणार. राखीव जागेवर बोट ठेवणारे या विकतच्या गुणवत्तेबद्दल मात्र अवाक्षर काढत नाहीत.

सरकारची मदत इथे पोहोचत नाही. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती असो की केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती, दोन्ही पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी आहेत. दोन आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला त्यांत जागा नाही. आमच्या मते नसावीही. त्या थोड्या जागा पूर्ण पदवीसाठीच राहायला हव्यात. पण कॉलेजने या दौऱ्याला क्रेडिट दिले, तर तो शिक्षणाचा भाग झाला. मग त्याचे शुल्क, विमानभाडे आणि व्हिसाचा खर्च शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यासाठी कॉलेजने उचलावा. ते जमत नसेल तर क्रेडिट देऊ नये. मधला मार्ग आम्हाला मान्य नाही.

मित्रांनो, परदेशात जरूर जा. पण पूर्ण पदवीसाठी जा, शिष्यवृत्ती हक्काने भांडून मिळवा. आईचे मंगळसूत्र गहाण टाकून पंधरा दिवसांचे प्रमाणपत्र आणू नका. आणि इथे असाल तोवर मॅनेजमेंटच्या प्रोजेक्टसाठी कोल्हापुरी चपलेचा हिशेब मांडा: कारागिराच्या हाती किती पडते, दुकानात किती आणि परदेशात किती. तो कागद मुलाखतीत टेबलावर ठेवा. ग्रुप फोटोपेक्षा तो जड भरेल.

जय भीम!